चकवा नावाची चाल

आमच्या घराच्या मागच्या दारासमोर दोन हातांवर दाळमिलची भिंत आहे. मिल सुरू झाली की मांडणीवरच्या ताटल्या थरथरतात, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही आणि तुरीची पिवळी भुकटी खिडकीतून येऊन पाण्याच्या हंड्यावर बसते. आमच्या आधी इथं कुणी भाडेकरू टिकत नव्हते. आम्ही मात्र लातुरात शोधून शोधून हीच खोली घेतली. यांना रोज सॅक्सोफोन वाजवायचा होता, आणि कुणाची बोलणी खायची नव्हती.

हे लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवतात. पितळेचं वाद्य, खाली जाऊन वळून परत वर आलेलं, तोंडाशी बोरूची पत्ती लावलेलं. लहान मुलं त्याला सोंड म्हणतात. आधीच्या गल्लीत हे सरावाला बसले की समोरची बाई कमरेवर हात ठेवून दारात यायची. "तुमच्या घरातून रोजच वरात निघून राहिली व्हय? नवरी कुठाय, दावा तरी!" मी दार लावून घ्यायचे. हे वाद्य पेटीत ठेवून द्यायचे. इथं तसं नाही. सकाळी मिलचा पट्टा फिरायला लागला की हे मागच्या दारात उलट्या पेटीवर बसतात, मिलच्या भिंतीकडं तोंड करून. मी आत भाकरी थापते. मिल थांबली की हे थांबतात.

मिलच्या आवाजाचा उपयोग मलाही झाला, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

मी लहानपणापासून बुजरी. नायगावकडं आमचं खेडं. चौथीत असताना गुरुजींनी एकदा मला पुढं बोलावून प्रार्थना म्हणायला लावली. मला सगळी पाठ होती. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पोरं हसली, गुरुजी म्हणाले, "बस खाली." चौथीच्या पुढं शाळेला नायगावला जावं लागत होतं. घरच्यांनी पाठवलं नाही आणि मीही हट्ट केला नाही. लग्नात बायांनी उखाण्यासाठी अडवून धरलं, तर शेवटी माझ्या नणंदेनंच माझ्या वतीनं उखाणा घेतला. अजून सगळे त्यावरून चिडवतात. मुलीला अंगाई म्हणायची तीसुद्धा मिल चालू असताना, पाळण्यात तोंड घालून. मिलच्या आवाजात माझा आवाज माझा मलासुद्धा नीट ऐकू येत नाही, म्हणून तो निघतो.

आता चालीबद्दल सांगते.

लग्नाआधी हे नांदेडला राहत होते. तिथं जुन्या वस्तीत यांचे उस्ताद. तरुणपणी ते हैदराबादच्या मोठ्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचे. परदेशातली जॅझ नावाची चीज, आणि त्यातला बीबॉप म्हणून एक अवघड प्रकार, तो त्यांनी यांना शिकवला. कागदावर काही नाही. उस्तादांनी तोंडानं म्हणायचं, यांनी वाजवायचं, चुकलं की गुडघ्यावर टपली.

बीबॉप म्हणजे काय, ते यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मला कळलं ते असं. सगळ्यांना येतं असं एक गाणं घ्यायचं. त्याचं मांस काढून टाकायचं, हाडं तेवढी ठेवायची. मग त्याच हाडांवर आपलं नवीन मांस चढवायचं, इतकं वाकडंतिकडं आणि इतकं जलद, की ऐकणाऱ्याला जुनं गाणं ओळखूच येऊ नये. पण मनात खाली ते जुनं गाणं म्हणत राहिलं, तर दोन्ही बरोबर एकाच वेळी घरी येऊन पोचली पाहिजेत. मी विचारलं, "मग ते कुणाला कळतं?" हे म्हणाले, "उस्तादला कळतं."

यांनी हाडं घेतली ती नवरदेव घोड्यावरून उतरताना बँडवाले वाजवतात त्या गाण्याची. शेंबड्या पोरालाही येणारं गाणं. त्यावर यांनी स्वतःची चाल बांधायला घेतली. मुलगी रांगत होती तेव्हा सुरुवात केली. पुरी झाली तेव्हा ती दप्तर घेऊन शाळेत जात होती. रोज सकाळी मिलबरोबर चाल सुरू व्हायची. पहिल्यांदा सरळ जिना चढल्यासारखी वर जायची, मग एकदम घसरायची, मग उंदीर घरात शिरल्यावर जसा ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळतो तशी पळायची. मला सुरुवातीला वाटायचं, यांचं डोकं तर ठीक आहे ना! पण रोज ऐकून तीच मला गोड लागायला लागली. भाकरी थापताना हात त्या चालीवर पडायला लागले.

बँडातल्या माणसांनी तिचं नाव पाडलं. क्लॅरिनेटवाल्यानं दोन-तीनदा यांच्याबरोबर वाजवून बघितली आणि वाद्य खाली ठेवलं. "हे गाणं हाय का चकवा, बाबा? जिथून निघालो तिथंच येऊन राहिलो!" रात्री शेतातून येताना माणूस वाट चुकतो, कितीही चाललं तरी त्याच बांधावर परत येतो, त्याला आमच्याकडं चकवा लागला म्हणतात. तेव्हापासून ती चाल म्हणजे चकवा. यांनाही ते नाव आवडलं.

वरातीत ती एकदाच वाजली. अहमदपूरला बसस्टँडजवळ एसटी आडवी आली आणि वरात अडकून पडली. सगळे बँडवाले दमून उभे. यांनी संधी साधून चकवा सुरू केला. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली, पाय कुठं टाकावा कळेना. नवरदेवाचा मामा पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, बँड नाचायला सांगितलाय, ऐकायला न्हाई." बँडच्या मालकानं त्यानंतर सक्त ताकीद दिली. घरी येऊन हे मला तो प्रसंग सांगत सांगत हसले. मग बँडाचा लाल कोट खुंटीला लावता लावता म्हणाले, "उस्तादला पुरी ऐकवायची राहिली."

उस्तादांनी अर्धी ऐकली होती, बांधायला घेतली होती तेव्हा. "पूरी कर के आ," एवढंच म्हणाले होते. पुरी झाल्यावर जाऊ जाऊ म्हणत राहिलो. लग्नसराई असायची, मग जयंतीचा महिना, मग मुलीच्या परीक्षा. जाणं होत नव्हतं.

तेवढ्यात यांचे दात गेले.

सॅक्सोफोनला वरचे दात टेकवावे लागतात. खालचा ओठ दातांवर दुमडून पत्तीला धरावं लागतं. तंबाखूनं यांच्या हिरड्या सैल झाल्या होत्या. पुढचे दात हलायला लागले तेव्हा यांनी वाद्याच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, म्हणजे दाताला हादरा कमी बसेल. त्यावर थोडे दिवस निघाले. मग एकेक दात गेला, आणि फुंकर मारली की हवाच बाहेर जायला लागली. आवाज यायचा तो कोंबडीच्या पिल्लासारखा.

मालक माणूस चांगला. त्यानं यांना काढलं नाही. हातात खुळखुळा दिला. बँडात एक माणूस खुळखुळा हलवत चालतो, तो कुणी बघत नाही. यांनी तोच लाल कोट, तीच झालरीची टोपी घातली आणि खुळखुळा हलवायला जायला लागले. सॅक्सोफोन पेटीत घालून पलंगाखाली सरकवला. मी झाडताना पेटी ओढून पुसायचे आणि परत तशीच ठेवायचे, जरा पुढं, हाताला लागेल अशी.

एकदा मी बाजारातून येत होते आणि समोरून वरात आली. हे कडेला चालत होते. नजर खाली, रस्त्यावर. खुळखुळा हलत होता, तो ठेक्यात बरोबर होता. मी पेरूच्या गाड्यामागं झाले आणि वरात पुढं जाईपर्यंत पेरू निवडत राहिले. त्या संध्याकाळी यांनी विचारलं, "एवढे पेरू कशाला?" मी म्हणाले, "गोड दिसले."

मग नांदेडहून फोन आला. उस्तादांच्या सुनेनं लावला आणि त्यांच्या कानाशी धरला असावा. मोबाईल स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच. "क्या मियाँ, वो धुन पूरी हुई क्या? हम तो पूरे होने को आ गए."

हे म्हणाले, "आता हूँ, उस्ताद." फोन ठेवला आणि बराच वेळ गालावरून हात फिरवत बसले.

मुलगी आता नायगावकडच्या शाळेत शिकवते. ती सुट्टीत आली आणि यांना म्हणाली, "पप्पा, आधी दात बसवा, मग रडत बसा." तिनंच दवाखान्यात नेऊन कवळी बसवून आणली.

कवळीनं आमची करमणूक लई झाली. पहिल्या दिवशी यांनी जोरात फुंकलं आणि तोंडातून वाद्य बाहेर काढलं, तर कवळीही त्याच्याबरोबर बाहेर आली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. आधी हे हसले, मग मी. पण हळूहळू ओठ बसले. लग्नाची गाणी एकेक करून परत आली. यांचा चेहरा उजळला.

चकवा मात्र आला नाही. सुरुवात आली. शेवट आला. मधलं गेलं ते गेलं. जिना चढून चाल घसरायची तिथंपर्यंत बोटं यायची आणि थांबायची. परत पहिल्यापासून, परत तिथंच. "बोटं इसरली," हे म्हणाले. "तोंडानं आठवत न्हाई, बोटांनीच आठवत होतं." कुठं उतरवून ठेवलेली नव्हती. बँडात कुणी शिकलं नव्हतं. नांदेडहून आणखी एकदा फोन आला. यांनी तो उचलला नाही. वाजत राहिला तसा हातात धरून बसले.

चाल कुठं होती ते मला माहीत होतं. माझ्याजवळ होती, अख्खी. इतकी वर्षं मिल सुरू झाली की मी भाकरी थापता थापता ती ओठ मिटून यांच्या मागं मागं म्हणत आले होते. खुळखुळ्याच्या काळातही, वाद्य पलंगाखाली असताना, मी एकटीच म्हणायचे. पण ते सांगायचं कसं? सांगितलं की हे म्हणणार, म्हण बरं. आणि माझ्यापुढं चौथीचा वर्ग उभा राहायचा. रोज ठरवायचे, आज सांगते. चहाचा कप पुढं ठेवायचे आणि परत फिरायचे.

एका सकाळी मिल भरात होती. हे मागच्या दारात बसून चकवा वाजवत होते. घसरणीपर्यंत आले, थांबले. परत आले, थांबले. मी आत पिठात हात घालून बसले होते. ते थांबले तिथून माझं तोंड आपोआप पुढं गेलं. उंदीर पळायला लागला. मला त्याचं भानच नव्हतं.

आणि लाईट गेली.

मिलचा पट्टा फडफडत मंद झाला आणि बंद पडला. खोलीत एकच आवाज राहिला. माझा. मला ते कळेपर्यंत चाल दोन वळणं पुढं गेली होती. मी तोंड मिटलं. तव्यावर भाकरी करपल्याचा वास येत होता. हे दारात उभे होते, गळ्यात वाद्य लटकत होतं.

"पुढं?"

मी भाकरी उलटली.

"अगं, पुढं काय हाय?"

"मला काय माहीत."

"आत्ता म्हणून राहिली होतीस की!"

"भाकर करपली. सरका, उजेड अडवू नका."

हे सरकले नाहीत. खाली बसले, चुलीजवळ, माझ्या शेजारी. मी पुढची भाकरी थापली, ती फाटली. दुसरी थापली, तीही फाटली. शेवटी मी म्हणाले, "मिल चालू होऊ द्या. मग म्हणते."

"मिल चालू झाल्यावर मला आयकू कसं येणार?"

तेवढ्यात लाईट आली, मिल धडधडायला लागली, आणि यांनीच त्याच्यावर उपाय काढला. पुढं सरकून आपला कान माझ्या तोंडाशी आणला. केसांत पांढरे आले होते, कानामागं साबणाचा फेस वाळला होता. मी तोंड चुलीकडं केलं, डोळे मिटले आणि म्हणायला लागले.

अशी चाल परत आली. रोज सकाळी थोडी थोडी. मिल चालू, माझं तोंड चुलीकडं, यांचा कान माझ्या ओठांपाशी. तेवढी ऐकायची, उठून मागच्या दारात जायचं, वाजवायची, विसरलं की परत यायचं. कुणी त्या वेळी खिडकीतून बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, ह्या वयात! पण तुरीच्या भुकटीनं खिडकीची काच पिवळी झाली होती, बाहेरून काही दिसत नव्हतं.

पुरी होत आली तेव्हा एके ठिकाणी हे अडले. मी म्हटलं तसं वाजवलं आणि परत आत आले.

"इथं मागं येऊन परत एकदा घेतलंस. हे कुठून आणलंस?"

"तसंच हाय ते."

"न्हाई, न्हाई. अगं, तिथं मी अडकायचो. अडकलो की मागं येऊन परत घ्यायचो. ते चालीतलं न्हाई. ते माझं चुकणं हाय."

"मला काय माहीत! तुमी रोजच तसं वाजवायचे. मला वाटलं चालच तशी हाय."

यांना इतकं हसू आलं की कवळीला हात लावून धरावी लागली. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणाले, "काढून टाका मग." हे बाहेर गेले. ते काढून वाजवलं. मग ते घालून वाजवलं. काय ठरवलं ते मला सांगितलं नाही.

नांदेडला निघताना मलाही चल म्हणाले. मी म्हटलं, "तिथं मी तोंड उघडणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते." हे म्हणाले, "नको उघडू. नुसती बस." एसटीत सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "शिलाई मशीन हाय का, मामा? लगेज पडल." हे म्हणाले, "पोट भरायचं मशीन हाय." अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी शेंगा घ्यायला निघाले. यांनी कवळीकडं बोट दाखवलं, मग केळी घेतली.

उस्ताद पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं, डोळे मात्र चलाख. मला बघून म्हणाले, "दुल्हन को बी लाया? अच्छा किया." सुनेनं चहा आणला. मी भिंतीकडची खुर्ची धरली. ती खोली इतकी शांत होती की बशीवर कप ठेवला तर त्याचा आवाज मोठा झाला. मला मिलची आठवण आली.

यांनी वाजवायला घेतलं. उस्ताद डोळे मिटून पुटपुटायला लागले. ते घोड्यावरून उतरायचं गाणं म्हणत होते, खालचं, हाडांचं. हात पलंगाच्या कडेवर ठेका धरून होता. वर यांची चाल पळत होती, खाली उस्तादांचं गाणं चालत होतं. घसरण आली, गेली. उंदीर पळाला. मग ती जागा आली. मला वाटलं, आता सरळ जातील. हे मागं आले आणि परत एकदा घेतलं.

उस्तादांचा हात अडखळला. चाल संपल्यावर ते म्हणाले, "फिर से बजा." परत वाजवली. हात परत तिथंच अडखळला.

"यहाँ गाना घर पहुँच गया और तू बाहर घूम रहा. दो क़दम ज़्यादा हैं. निकाल दे उसकू."

"नक्को, उस्ताद."

"काइकू?"

यांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "वो इनका है. मेरे पास कुछ नहीं बचा था, पूरी धुन इन्होंने संभाली. जैसी संभाली, वैसीच बजाऊँगा."

उस्ताद माझ्याकडं बघायला लागले. मी चहाच्या कपाकडं बघायला लागले. माझे कान गरम झाले होते. सून हसत असावी, मी वर बघितलं नाही. मग उस्ताद उशीवर नीट सरकले आणि म्हणाले, "तो फिर गाने को बोलो, दरवाज़े पे रुके. दुल्हन आ रही है."

तिसऱ्यांदा वाजवली. ती जागा आली तसा उस्तादांनी हात वर उचलला आणि तसाच हवेत धरला. हे मागं गेले, परत घेतलं. तेवढा वेळ खालचं गाणं दारात उभं राहिलं. मग हात खाली आला, आणि दोघं मिळून घरी पोचले.

माझे ओठ हलत होते. आवाज निघत होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण सून माझ्याकडं बघत होती, म्हणजे निघत असावा.